फुटलेल्या सहा भाकरी

१५ नोव्हें., पौर्णिमा
विहारातून वंदना करून आले तर स्वयंपाकघर पिठानं पांढरं. मी नसताना प्रज्ञानं भाकरी थापायला घेतलेल्या. सहा थापल्या, सहाही फुटल्या. एवढं पीठ वाया! तोंडातून निघून गेलं, "तुला हातच नाही पोरी. डिग्री केली ना, पुस्तक धर. चूल माझ्या नशिबी होती, तुझ्या नको."
"शिकवत तं नाई, अन् हात नाई म्हणते!"
हे हसले. "आज गाईले पंगत!"
प्र. जेवली नाही.

१७ नोव्हें.
त्याच डब्यातलं पीठ घेतलं. माझ्याही फुटल्या. मग ध्यानात आलं, दोन महिन्यांचं जुनं पीठ. टाकवेना म्हणून मीच ठेवलेलं. विरी गेली की पीठ चिकटून राहत नाही. तीस वर्षं थापणारीला जमेना, तिला कसं जमावं? उकळत्या पाण्यात मळून भागवलं.
प्र.ला सांगायला उठले. मग वाटलं, कळलं तर पुन्हा चुलीपाशी येईल. बसले.

२ डिसें.
प्र. पाणी घ्यायला तेवढी आत येते. बरंच झालं म्हणावं, तर...

९ जाने.
प्र. उटनूरला ऑफिसात लागली. दोन मैत्रिणींसोबत खोली केली आहे. फोनवर म्हणाली, "त्या दोघी आळीपाळीनं रांधतात. माह्याकडं भांडे."
"काऊन?"
"मले हात नाई ना, आई." हसत म्हणाली.
मला हसू आलं नाही.

१० जाने.
सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी अडखळले. खोटं बोलणार नाही. त्या दिवशी बोलले ते अजाणता. पण नंतर गप्प राहिले, त्याला काय म्हणायचं?

२ फेब्रु., रविवार
प्र. आली. मी ताजी ज्वारी दळून आणली होती.
"ये, थाप एक."
"राहू दे आई, फुटतीन. तुह्या हातची खाऊ दे."
तीन खाल्ल्या. दर भाकरीला वाटलं, आता सांगते. तेवढ्यात दारात ऑटोवाला ओरडायला लागला. दोन किलो पीठ तिच्या पिशवीत कोंबलं.
"मी काय करू याचं?"
"असू दे. पण लवकर संपव. जुनं झालं की त्याची..."
ऑटो निघाला. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.