ढकला, बसा, निघा!

६ नोव्हेंबर, गुरुवार

ठरलं! व्हॅन भंगारात जाणार नाही. निदान आज तरी नाही. प्रितमने भंगारवाला बघूनही ठेवला होता — माझा सख्खा भाऊ, चाकणला गाड्या बनवायच्या कंपनीत कामाला, आणि घरचीच गाडी कापायला निघाला! जेवताना कडाक्याचं भांडलो. शेवटी अट पडली. एकोणीस तारखेला मोशीच्या आरटीओत पासिंग आहे. पास झाली तर राहील, नाही झाली तर त्याच आठवड्यात भंगारात. पप्पा भाकरीचा एकच तुकडा कितीतरी वेळ कालवणात बुडवत बसले होते.

अडचण एकच आहे, पण ती भली मोठी. आमच्या व्हॅनचा सेल्फ लागत नाही. मी तिसरीत होते तेव्हापासून! चावी फिरवली तर टक् सुद्धा होत नाही, ढकलावीच लागते. मागच्या पासिंगला पप्पांनी घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत इंजिन बंदच केलं नव्हतं. यंदा म्हणे साहेब समोर बंद करून पुन्हा चालू करायला लावतात.

म्हणजे सेल्फ दुरुस्त करायचा. कोण करणार? मी!

८ नोव्हेंबर, शनिवार

मोबाइलवर व्हिडिओ बघून मेकॅनिक झाले. तळवड्याच्या ऑफिसात दिवसभर कीबोर्ड बडवणारी मी आज कोपरापर्यंत काळी! व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणून आधी सीट उचलली. खाली काय काय निघालं — माझा हेअरबँड, प्रितमचा एक मोजा, चिक्कीचा कागद आणि चक्क एक कर्कटक. त्या कर्कटकावरून मी वर्गातल्या सुनंदाशी महिनाभर अबोला धरला होता! तिनेच चोरलं म्हणून!

खूप हसले एकटीच. मग सगळं आठवत बसले. पप्पा पहिल्या पाळीहून यायचे, चहा प्यायचे, चावी घेऊन निघायचे. आई हाक मारायची — "चला रे, गाडी ढकलायला!" आम्ही शाळेच्या गणवेशातच धावायचो. गल्लीच्या टोकापर्यंत ढकलायची, इंजिन खोकलं की पळत्या गाडीत उड्या मारायच्या. ढकला, बसा, निघा! कुठे जायचं ते ठरलेलंच नसायचं. कधी देहूरोडच्या विहारात, कधी नदीकाठी, कधी नुसतंच निगडीपर्यंत जाऊन वडापाव. अख्ख्या कासारवाडीत आमच्याइतकं फिरणारं घर नव्हतं.

शेजारचे कोंडीरामकाका तेव्हाही चिडवायचे — कंपनीत मेंटेनन्सला असलेला माणूस, सबंध लाइन चालू करून देतो आणि घरची गाडी बायको-पोरांकडून ढकलून घेतो! पप्पा म्हणायचे, गुरुवारी सुट्टी आहे, गुरुवारी बघतो. किती गुरुवार गेले, बघितलं काही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ब्रेक लाइट लागले! गल्लीत नाचले. कुत्री भुंकली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्लग नवे, बॅटरी नवी, हॉर्नसुद्धा सुरात. आता फक्त सेल्फ राहिला. पण आईचं काहीतरी बिनसलंय. मी गाडीखाली शिरले की ही बाहेर येऊन उभी. आज म्हणाली, बाकी सगळं कर, त्या सेल्फच्या नादी लागू नकोस, ढकलली की चालते की! मी म्हटलं, आई, साहेबासमोर कोण ढकलणार, तू? तर फणकाऱ्याने आत गेली आणि मिक्सरच्या वायरीला टेप गुंडाळत बसली.

टेप हे आईचं औषध. वीस वर्षं गाड्यांच्या वायरी बांधायच्या कारखान्यात होती. आमच्या घरात रिमोटला टेप, झाडूला टेप, चष्म्याच्या काडीला टेप. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर निम्मा चढलेला. डोळे मिटून बोट फिरवलं तरी सांगता येतं, हे आईचं काम.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजचं आजच लिहिते.

पप्पा कोंडीरामकाकांकडे गेले होते. मी गाडीखाली शिरले, टॉर्च लावला. सेल्फकडे जाणारी एक बारीक वायर जोडलेलीच नव्हती! तुटलेली नाही, जळलेली नाही. काढून, टोकाला टेप गुंडाळून नीट बाजूला खोचून ठेवलेली. टोकाचे वेढे वेडेवाकडे होते. ते सोडले तर मागे — निम्म्यावर निम्मा, निम्म्यावर निम्मा.

टेप सोलली. वायर जोडली. चावी फिरवली. खर्रर्र — आणि इंजिन चालू! एका झटक्यात!! मी ओरडलेच. आई ओल्या हातांनी धावत बाहेर आली आणि उंबऱ्यावरच थांबली. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मी चावी बंद केली.

मग तिने सांगितलं. तेव्हा पप्पा प्यायला लागले होते. घरी यायचे, चहा प्यायचे, गाडी काढून चाकण रोडच्या ढाब्यावर जायचे. रोज. आईने रडून बघितलं, भांडून बघितलं. मग एका दुपारी तिने कारखान्यात शिकलेलं काम केलं.

"भांडून काय उपेग न्हाई झाला," ती म्हणाली. "म्हटलं, बायका-पोरांना ढकलायला लावून दारू प्यायला कोन जाईल? आन् एकदा का तुमी गाडीत बसला, की उतरायचंच न्हाई, असं मी तुमाला शिकवून ठिवलं हुतं."

व्हय, ठेवलं होतं! मला वाटायचं तो खेळ आहे! मला पप्पांचं पिणं आठवतच नाही. मला वडापाव आठवतात. मी आईला घट्ट धरलं आणि आम्ही दोघी रडत रडत हसलो.

"त्यांना ठाव न्हाई. आता या वयात सांगू नगंस."

मी शपथ घेतली. टोकाचे वेढे वेडेवाकडे का, ते विचारायचं राहूनच गेलं. मधे कधीतरी तिने पुन्हा गुंडाळले असतील, आईचेही हात आता थकलेच असणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

पप्पांना सांगितलं, वायर सैल होती. "अस्सं," म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले. इतकंच? वीस वर्षांनी?

१९ नोव्हेंबर, बुधवार

पास!!! पास!!! पास!!!

सकाळी पप्पा स्टिअरिंगवर बसले. आई, प्रितम आणि मी सवयीने मागे जाऊन हात लावले, वाकलो, जोर लावला — आणि पप्पांनी चावी फिरवली. गाडी आपली आपण निघून गेली! प्रितम तोंडावर आपटता आपटता वाचला. आम्ही तिघं रस्त्यात, आणि पप्पा आरशात बघून हसत होते. मोशीला साहेबांनी बंद करायला लावली, चालू करायला लावली. एका झटक्यात! प्रितमनेच सगळ्यांना पेढे वाटले, लबाडाने. भंगारवाल्याचा नंबरही पुसला. मी स्वतः बघितला पुसताना.

येताना आई पुढे बसली होती. कुठे जायचं, पप्पांनी विचारलं. आई म्हणाली, नुसतंच निगडीपर्यंत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आई सकाळी विहारात गेली होती. पप्पा आणि मी गाडी पुसत होतो. काच पुसता पुसता त्यांनी विचारलं, त्या वायरीची टेप कुठे टाकलीस. माझं फडकं हातातच राहिलं.

"दर दसऱ्याला तुझी आई विहारात गेली, की मी टोकाची टेप सोडवून, वायर जोडून सेल्फ फिरवून बघायचो. मग काढून परत टेप मारायचो. जुनी सुटत यायची ना. तिच्यासारखी मला काही जमली नाही."

कधीपासून माहीत होतं, मी विचारलं.

"मी मेंटेनन्सला होतो, मिनल. पहिल्याच संध्याकाळी कळलं."

फडकं पिळून म्हणाले, आईला सांगू नकोस.