रक्तदाब उतरल्याचं श्रेय

रविवार, १४ ऑक्टोबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी गुडघे सध्या तुझेच दुखताहेत, तेव्हा माझे दोन तुझ्या वतीनेही टेकले आहेत असं समज.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींची कवळी सापडली हे वाचून बरं वाटलं. कुठे सापडली हे तू लिहिलं नाहीस, त्यावरूनच सगळं कळलं.

इकडे क्षेम आहे, आणि या वेळी ते यंत्रावर मोजलेलं आहे. परवा डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, आकडा पाहिला आणि पुन्हा पट्टा आवळला.

"शास्त्रीबुवा, नवीन काय सुरू केलंत?"

"ताईने हिरवा चहा पाठवलाय."

"मग सोडू नका," म्हणाले, आणि गोळी अर्धी केली. तुझा विजय झाला, असं लिहून इथेच सही करणार होतो. पण मग दुपारभर लेखणी हातात धरून बसलो. सगळं क्रमानेच सांगतो.

तू पाकिटासोबत कात्रण पाठवलं होतंस की हा चहा वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत हृदयाचे विकार कमी आढळतात. औषधच आहे म्हटल्यावर मी त्याला औषधासारखं वागवलं. ग्रंथांत काढ्याची रीत दिलेली आहे, तशी सोळापट पाण्यात पानं घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवली. छापखान्याच्या माडीवरची माझी खोली तुला ठाऊक आहे. तपासायची मुद्रितं, खुर्ची, शेगडी आणि मी, एवढ्यानेच ती भरते. वास उरलेल्या जागेत मावेना, तो जिन्याने खाली गेला. खाली पुस्तकबांधणी चालते. ती एक बाई सांभाळतात. त्यांनी जिन्यातून हाक मारली.

"वर काय जळतंय?"

"जळत नाही, आटतंय."

"काय आटतंय?"

"दीर्घायुष्य."

"मग त्याच्यावर झाकण ठेवा. खाली गिऱ्हाईक बसलंय."

गिऱ्हाईक गेल्यावर त्या वर आल्या आणि पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. त्यावरच्या एका मुद्रणदोषाला मी लाल शाईने गोल केला होता. त्याच्याच खाली कृती छापली होती.

"पानं उकळू नयेत, असं लिहिलंय."

"ते नाही वाचलं."

"तुम्हाला वाचायचाच पगार देतात ना?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता, कृती बरोबर होते की नाही हे पाहायला त्या आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. दूध नाही, साखर नाही. भिजवलेल्या पुठ्ठ्याचं पाणी प्यावं तशी चव. आम्हा दोघांनाही तो चहा आवडत नाही, हे फार पुढे उघड झालं. त्यांना वाटत होतं मला आवडतो, म्हणून त्या साथ देत होत्या. मला वाटत होतं त्यांना आवडतो, म्हणून मी करत होतो. महिनेच्या महिने आम्ही एकमेकांच्या भिडेखातर निरोगी होत होतो.

आता मुख्य गोष्ट. पाकीट मागच्याच महिन्यात संपलं. तुला कळवलं नाही. चार वाजता जिन्यावर चपला वाजल्या. मी दारातच म्हटलं, "चहा संपलाय."

"मग गरम पाणी द्या. चव तीच." आणि ती नेहमीच्या जागी, मुद्रितांच्या गठ्ठ्यावर, बसली.

डॉक्टरांनी आकडा पाहिला तो याच महिन्यातला. म्हणजे चहा नव्हता आणि गुण होता. न्यायशास्त्रात याला उपाधी म्हणतात. विस्तव आहे म्हणून धूर निघतोच असं नाही. सरपण ओलं असेल तर निघतो. चहा पिणारे लोक दीर्घायुषी असतीलही. पण ते चहा कुणाबरोबर पितात, हे तुझ्या त्या कात्रणात कुणी विचारलेलं दिसलं नाही.

ताई, तू वीस वर्षं माझ्यासाठी स्थळं आणलीस आणि मी प्रत्येकीत काहीतरी दोष काढला. शेवटी तू म्हणालीस, "पुन्हा हा विषय काढला तर माझं नाव बदल." तुझं नाव बदलायला नको, म्हणून आज विषय मीच काढतोय.

गेल्या आठवड्यात तिने विचारलं, "तुम्हाला एवढं जगून करायचंय तरी काय?"

तू पथ्यं सांगायचीस, मी पाळायचो, पण वर्षं साठवून ती ठेवायची कुठे हे कळत नव्हतं. मी म्हटलं, "रोज चार वाजता अशाच याल का?"

"येतेच की."

"आणि मग संध्याकाळी घरी एकट्या जायचं नाही, असं म्हणतोय."

तिच्या बोटांना खळ लागली होती. ती पुसायला तिने बराच वेळ घेतला. खरं तर ती पहिल्याच फडक्यात निघाली होती.

"तुमच्या ताई समोर असतील तर सही करीन," ती म्हणाली. "ज्यांनी तो चहा पाठवला त्यांना एकदा बघायचंय."

मी सांगून पाहिलं की तुझे गुडघे आहेत, प्रवास लांबचा आहे. ती ऐकत नाही. हट्टाच्या बाबतीत तुझ्याच वळणाची आहे. तू आली नाहीस तर ही गोष्ट इथेच अडेल, आणि माझा आकडा पुन्हा चढेल तो कुठल्याच पानांनी उतरायचा नाही.

लग्नाची नोंदणी पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. कचेरी तळमजल्यावर आहे. मी स्वतः जाऊन पाहून आलो, रस्त्यापासून टेबलापर्यंत एकही पायरी नाही. भाऊजींना कवळीसकट आण. चहा आणलास तर तोही पिऊ, तुझ्यासमोर, तोंड वाकडं न करता.

'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य मात्र भेटीपर्यंत राखून ठेव. ते तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

तुझ्या औषधाने नव्हे, पण तुझ्याच खटपटीने बरा झालेला,
तुझा धाकटा