मागच्या ॲक्सलचा लॉकर

४ जानेवारी, सकाळी ७
वहिनीचा फोन. दादाची फुप्फुसं पार थकली आहेत. "तुमची आठवण काढतात," म्हणाली. ताबडतोब जायचं ठरवलं. चार वर्षं झाली बोलणं नाही. माझ्या मनात काही नाही, मी ते केव्हाच विसरलोय.
अडचण फक्त रस्त्याची. दादाचं घर डोंगरावर, पाण्याच्या टाकीला लागून. शेवटचे तीन किलोमीटर नुसती खडी आणि घळी. जीप कलली की मागचं एक चाक हवेत जातं, आणि इंजिनाची सगळी ताकद त्या फुकट्यालाच मिळते. जमिनीवरचं चाक ढिम्म. उपाय एकच: मागच्या ॲक्सलला लॉकर. मग दोन्ही चाकं जखडून एकत्र फिरतात.
बायको म्हणाली, आधी जाऊन तर या. तिला टेक्निकल गोष्टी समजत नाहीत.

९ जानेवारी
अभ्यास सुरू. हवेवर चालणारा लॉकर उत्तम. बटण दाबलं की लागतो, पुन्हा दाबलं की सुटतो. पण त्याला कॉम्प्रेसर लागतो, नळ्या लागतात, आणि किंमत ऐकल्यावर आपल्याला खुर्ची लागते. विजेवरचा थोडा स्वस्त. थोडाच. आपोआप लागणारा सगळ्यात स्वस्त, पण वळणावर कटकट वाजतो म्हणे. घाई करणार नाही. शुक्रवारपर्यंत नक्की.

१८ जानेवारी
तक्ता केला. अकरा रकाने. ऑफिसात तीस वर्षं नकाशे काढले ते वाया गेले नाहीत.
मिस्त्रीला दाखवला. तो हात पुसत म्हणाला, साहेब, डिफरन्शियलला वेल्डिंग मारून देतो, दुपारपर्यंत मोकळे. म्हणजे चाकं कायमची जखडलेली, डांबरी रस्त्यावर वळताना टायरची साल निघणार. नको म्हटलं. तर म्हणाला, मग तशीच न्या की वर.
हात चांगला आहे, दृष्टी नाही.

२९ जानेवारी
वहिनीचा फोन बायकोने घेतला. दादाला चार पावलंही चालवत नाहीत. मी जीपखाली होतो, बाहेर यायला वेळ लागला.
बायकोने विचारलं, तुमचं नक्की अडतंय कुठे? म्हटलं, ट्रॅक्शन, चाकाची पकड. ती म्हणाली, "आईला तू मारलंस" असं सगळ्यांसमोर तुम्ही बोललात, दादा नाही.
आईला दम लागला तेव्हा तिला खाली दवाखान्यात आणायला दादाने उशीर केला, एवढंच मी म्हणालो होतो. शब्द इकडचे तिकडे झाले असतील. तरी मी त्याला माफ केलंय. आणखी काय करायचं?

७ फेब्रुवारी
निर्णय! आपोआप लागणारा. स्वस्त आणि मस्त. ऑर्डर दिली. बायकोला म्हटलं, आला की दुसऱ्या दिवशी वर. तिने लगेच वहिनीला कळवून टाकलं. एवढी घाई नव्हती.

२२ फेब्रुवारी, दुपारी
पार्सल परवा आलं. आज मिस्त्रीने गॅरेजमध्ये ॲक्सल उघडला. दाते जुळत नाहीत. लॉकरला सत्तावीस, आमच्या शाफ्टला चोवीस. तक्त्यात दात्यांचा रकाना नव्हता. चूक विकणाऱ्याची, ठळक लिहायला नको? बदलून मिळायला तीन आठवडे.
मिस्त्री म्हणाला, तोवर जुनं परत बसवतो, गाडी चालती राहील. म्हटलं, राहू दे उघडंच.

२ मार्च
दादाचा फोन. स्वतः. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. म्हणाला, गाडीचं कळलं. घाई करू नकोस, रस्ता खराबच आहे.
बरं वाटलं. निदान त्याला तरी पटलं.
मग म्हणाला, त्या दिवशी मी ॲम्ब्युलन्स बोलावली होती. रस्ता बघून ड्रायव्हर खालूनच परत गेला. आईला पाठीवर घेऊन निघालो. अर्ध्या वाटेत मानेवर तिचा श्वास जाणवेनासा झाला.
पुढे खोकला. वहिनीने फोन घेतला.
मी काय बोललो आठवत नाही. बहुतेक लॉकरचं बोललो.

३ मार्च, सकाळी ६
मिस्त्रीला घरून उठवून गॅरेजवर आणलं. म्हटलं, जुनंच बसव, आत्ता. तो म्हणाला, बसवून आठवडा झाला. तुम्ही विचारलंच नाही.

३ मार्च, संध्याकाळी
जीप चढली. दुसऱ्या गिअरमध्ये. एकदाही चाक घसरलं नाही.
दादा पहाटेच गेला होता.

१४ मार्च
बायकोला घेऊन पुन्हा वर गेलो. वहिनी मला लागेल असा एक शब्दही बोलली नाही. निघताना म्हणाली, भावजी, तो ऑक्सिजनचा सिलिंडर दुकानात पोचवाल? तुमच्याकडे गाडी आहे.
मागे ठेवला. रिकामा होता, तरी जड. बांधायला दोरी नव्हती. उतारभर तो या कडेवरून त्या कडेला आपटत राहिला. बायको म्हणाली, थांबा, मी मागे बसून धरते.
थांबलो नाही.