शेवटचा भाग माझ्याकडे होता

ती. ताईस,

गुडघा वाकत नाही म्हणून उभ्याउभ्याच घातलेला साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? (त्यावरचं त्यांचं भाषण थांबणार नाही, हे ठाऊक आहे.)

आमच्या वाचन मंडळाने या खेपेला व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक कादंबरी घेतली होती, उशाला घ्यावी इतकी जाड. वाचनालयात प्रत एकच, तीही खिळखिळी. म्हणून आमच्यातल्या बाइंडरने तिचे सरळ तीन भाग केले आणि आलटूनपालटून वाचायचं ठरलं. पण निवृत्त न्यायाधीशांना धीर कुठला! अदलाबदल होण्याआधीच त्यांनी घरी त्या काळच्या थाटाचं जेवण ठेवलं. पहिला भाग चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी वाचलेला, मधला न्यायाधीशांनी, शेवटचा मी. (बाइंडरने काहीच वाचलं नव्हतं, त्यामुळे तोच सगळ्यांत ठामपणे बोलत होता.)

थाट विचारू नकोस. दिवे बंद, नुसत्या मेणबत्त्या. माझ्या गळ्याला खळ घातलेली कॉलर. मान वळवायची तर खुर्चीसकट वळावं लागे. सूप पिताना आवाज करायचा नाही आणि वाढलेल्या पदार्थाबद्दल तक्रार करायची नाही, असा न्यायाधीशांचा हुकूम. भाजलेलं मटण असं चिवट की दातांचा डॉक्टर म्हणून मला धंद्याचं भविष्य उज्ज्वल दिसू लागलं. तेवढ्यात बाईंनी कादंबरीतल्या जमीनदाराला झोडपायला घेतलं. गर्विष्ठ, तुसडा, असल्या माणसाच्या सावलीलाही उभी राहणार नाही म्हणाल्या. आता त्याचं वय माझ्याएवढं आणि स्वभावही (तू म्हणतेस तसा) माझ्यासारखाच. मला ते लागलं. मी तावातावाने सांगून टाकलं, की हाच माणूस पुढे नायिकेच्या आजारी भावाची सेवा करतो आणि शेवटच्या पानावर तिच्याशीच लग्न करतो!

बाईंनी काटा खाली ठेवला. "अहो डॉक्टर, मला शेवट वाचायचा होता ना!" म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ करून बाइंडरशी बोलू लागल्या. ताई, मला फार वाईट वाटलं. नजर ठणठणीत असताना मी त्यांच्याकडून तीन चष्मे करून घेतले, ते काय उगीच?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गाल धरून दवाखान्यात हजर. मटणाने त्यांच्या दाढेतलं सिमेंट उपटलं होतं आणि हुकमापायी त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. मी दाढ भरता भरता माफी मागून घेतली. तोंड उघडं, आत माझी हत्यारं, त्यामुळे त्यांना रागवायची सोय नव्हती. मग माझी भीड चेपली आणि चष्म्यांचंही सांगून टाकलं. बाईंनी सावकाश चूळ भरली, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाल्या, "शेवट तर सांगून बसलात. आता मधला भाग तरी मिळून वाचू या."

कॉलरचा वळ अजून गळ्यावर मिरवणारा,
तुझा धाकटा भाऊ

ता.क. येत्या रविवारी माझ्यासाठी जे स्थळ घेऊन येणार आहेस, त्यांना नकार कळव. खरं तर त्यासाठीच हे पत्र. कारण विचारलं तर भाऊ तुसडा आहे म्हणून सांग; तुला ते मनापासून सांगता येईल.

आणखी एक. मधला भाग सगळ्यांत जाड आहे. तरी आम्ही रोज चारच पानं वाचायची ठरवली आहेत.