अहवालाचं सातवं पान

प्रिय शंकासूर,

या नावाने हाक मारायचा हक्क मला अजून आहे का, ठाऊक नाही. तीन महिने तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर आलो. सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तुझी आई मागे उभी आहे आणि ती थापा चालू देत नाही.

परवा कपाट आवरताना तुझ्या अहवालाचा कच्चा खर्डा सापडला. परदेशातल्या त्या रंगाई कारखान्याशी भागीदारीची बोलणी निघाली, तेव्हा तूच हटून बसली होतीस की उडी मारण्याआधी पाण्याचा तळ बघू या. पाच आठवडे तिथे राहिलीस. राजकारण, व्यापार, माणसं, यंत्रं, कायदे, हवापाणी, सगळं खणून काढलंस. माझा नेम एका विषयाला एक पान, म्हणजे सहा पानं. माणसांची तू दोन केलीस. मला हसू आलं. पोरगी मोजमापात कच्चीच राहिली, म्हटलं.

त्या जादा पानावर म्हातारा रंगारी होता. तो तुला डब्यातलं अर्धं द्यायचा, त्याच्या भाषेत आकडे शिकवायचा. सातच्या पुढे तुझी गाडी जात नसे. खाली लिहिलं होतंस की पाळी सुरू झाली की शेडला बाहेरून कुलूप लागतं, किल्ली मालकाकडे असते. त्या भागात हीच रीत, म्हणून कुणी तक्रार करत नाही. हे थांबेपर्यंत आपण सही करू नये. मी तांबड्या पेन्सिलीने पानभर रेघ मारली आणि समासात लिहिलं: अहवाल बाहेरच्या परिस्थितीचा हवा, ही कारखान्याची आतली बाब, गाळावे. तू दोन दिवस भांडलीस. मग बापाने सांगितलं म्हणून उरलेल्या पानांखाली सही केलीस.

भागीदारी झाली. मग शेडला आग लागली तेव्हा मालक किल्ली खिशात घालून जेवायला गेला होता. अकरा माणसं गेली. तू फोनवर यादी वाचून दाखवलीस, शेवटी रंगाऱ्याचं नाव होतं. मी म्हटलं, होणारं टळत नाही. तेच आपलं शेवटचं बोलणं.

आता चौकशीवाले विचारतात, पाच आठवडे राहून हिला कुलूप दिसलं कसं नाही? वर्तमानपत्रात तुझा फोटो येतो. तू एका शब्दाने माझं नाव घेतलं नाहीस आणि मी मूग गिळून बसलो. मला माझी लाज वाटते, पोरी.

आज सकाळी ते पान मी समितीकडे दिलं. रेघ माझी, अक्षर माझं, असं लिहूनही दिलं. वकील म्हणाले, आता तुमचं काही खरं नाही. उद्या पेपरात वाचण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माफी कुठल्या तोंडाने मागू? एक पुस्तक आणून त्या रंगाऱ्याच्या भाषेतले आकडे शिकतो आहे. अकरापर्यंत जायचं आहे. नऊवर अडलो आहे.

तुझाच,
रेघ मारणारा बाबा