झाकणावरचं वजन

न्यू डेनव्हर, ४ फेब्रुवारी २००९

चि. वॉल्टरभावजींना लूशाचे अनेक आशीर्वाद.

सहासष्टाव्या वर्षी चि. म्हटलेलं खपत नसेल तर तक्रार तुमच्या दादाकडे, सायमनकडे करा. इंजिनांनी तुमचे कान नेले म्हणून तर ही पत्रं लिहावी लागतात.

स्नोमोबाइलचा क्लच गेला. सायमन ऑक्टोबरात गेल्यापासून गाडी मीच चालवते. एकटी बसले की चढावर ती नुसती किंचाळायची, पुढे सरकायचं नाव नाही. एक तारखेला उतरताना आतली स्प्रिंग तुटली आणि चकतीला तडा गेला. शेजारची मेबेल बरोबर होती, तिने आपल्या गाडीने ओढत आणली. क्लच खोक्यात घालून बसने पाठवलाय.

इथल्या दुकानातला दाढीवाला म्हणाला, आजी, हा शर्यतीचा घ्या, गोळीसारख्या सुटाल. मी म्हटलं, बाबा रे, मला सुटायचं नाही, पोचायचंय.

तुम्ही सांगाल तो घेईन, पण एक मार्चच्या आत हवा. सत्तावीस हिवाळे सायमनने दर महिन्याच्या एक तारखेला वरच्या पठारावर नळी खुपसून बर्फ मोजला आणि मी आकडे लिहिले. एकही तारीख चुकली नाही. पाणी खात्याच्या साहेबांनी कळवलंय की एक नोंद चुकली तरी ते बर्फ मोजायचं ठाणं बंद करतील. सायमनचं बाकी सगळं थांबलं, हे एवढं एक चालू आहे.

रविवारी बोर्श्टचं सार केलं. सवयीने दोघांपुरतं झालं, बुधवारपर्यंत पुरलं.

लोभ होता तेवढा राहू द्या.
लूशा

व्हर्नन, ९ फेब्रुवारी

ती. लूशावहिनींना वॉल्टरचा सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. दाढीवाल्याच्या नादी लागू नका. तो क्लच डोंगरावर उड्या मारणाऱ्या पोरांचा. इंजिन पार तापेपर्यंत पकडत नाही, आणि पकडतो तेव्हा मानेला हिसका देतो. त्यात तुमच्या गाडीला टर्बो, त्याचा जोरही उशिरा आणि एकदम येतो. दोन्ही हिसके एकत्र बसले तर तुम्ही थेट माझ्या अंगणात येऊन पडाल. आपण कंपनीचा साधाच घेऊ, मऊ स्प्रिंगचा. लवकर पकडतो, सावकाश ओढतो.

आत तीन ठोकळे असतात. गाडीवर भार जास्त असेल तर ते हलके लावायचे, कमी असेल तर जड. दादाने तुम्हा दोघांचा भार धरून लावले होते, म्हणून एकटीखाली ती किंचाळायची.

दोन गोष्टी कळवा. दादा इंजिनावरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला भार लिहून ठेवायचा, तिथे काय आहे? आणि तुमचं स्वतःचं वजन. लाजू नका. तुमच्याहून वजनदार बाई माझ्या घरात आहे आणि ती हे पत्र वाचणार नाही.

दादाचं पत्र यायचं तेव्हा खाली तुमची एक ओळ असायची. आता सगळं पत्रच तुमचं असतं. बरं वाटतं आणि वाटतही नाही.

तुमचा,
वॉल्टर

न्यू डेनव्हर, १३ फेब्रुवारी

चि. वॉल्टरभावजींना अनेक आशीर्वाद.

झाकण पाहिलं. टर्बोची गाडी घेतल्यापासून दर हिवाळ्याची एक ओळ, अशा सात ओळी सायमनच्या अक्षरात आहेत. तारीख, पठाराची उंची, आणि पुढे 'मी १८०, लूशा १२८'. सातही वेळा तेच.

एकशे अठ्ठावीस पौंड हे मीच त्याला लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. बायकोचं बोलणं खरं मानणारा माणूस होता. तेव्हा तुम्हीही १२८ धरा. नळी, फावडं, कोट-बूट यांचे चाळीस वेगळे.

झाकणाशी जरा वेळ उभी राहिले. त्याचा 8 चा आकडा आठवतो ना, वरचं पोट लहान आणि खालचं मोठं? बर्फाचा बाहुला म्हणून मी चिडवायची.

आठवण ठेवा, आणि घाई करा.
लूशा

व्हर्नन, १९ फेब्रुवारी

ती. वहिनी, सा. न. वि. वि.

रागावणार नसाल तर पुढे वाचा.

जुने ठोकळे काट्यावर ठेवले. १८० आणि १२८ ला ते जुळेनात, फार हलके निघाले. भिंगाखाली धरले तर तिन्हींच्या पाठीवर कानशीचे ओरखडे होते. काही जुने, काळे पडलेले. काही गेल्या हिवाळ्याचे, अजून चकचकीत. दादा दरवर्षी थोडं थोडं घासत होता. गणित उलटं मांडलं. पुढे १८० चा माणूस असेल तर मागे बसणारी १५० ची होती.

वहिनी, त्याला ठाऊक होतं. झाकण तुम्ही वाचणार म्हणून तिथे तुमचा आकडा लिहिला, आणि खरा आकडा तुम्ही कधी उघडणार नाही तिथे ठेवला. माझा दादा एवढा हुशार असेल असं मला वाटलं नव्हतं.

नवा क्लच एकट्या स्वारीचा लावलाय, १५० अधिक सामान धरून. आजच्या बसने निघेल. माझं चुकलं असेल तर गाडी पुन्हा किंचाळेल, मग मी हात जोडीन.

ओरडायचं असेल तर पत्रातच ओरडा.
वॉल्टर

न्यू डेनव्हर, २ मार्च

चि. वॉल्टरभावजींना अनेक आशीर्वाद.

हात जोडू नका. गाडी किंचाळली नाही. शेवटच्या उभ्या चढावर मी दात आवळून बसले होते, पण ती गुरगुरत, न घसरता वर गेली. साहेबांना आकडे पाठवले आहेत. बर्फ चौऱ्याण्णव इंच, वितळला तर पाणी एकतीस.

वर पोचल्यावर मी वही उघडली आणि जुन्या सवयीने पुन्हा आकड्याची वाट पाहत उभी राहिले. मेबेल बिचारीने नळी माझ्यापुढे धरली. मग म्हणाली, मावशी, नळी तुम्हाला खुपसायचीय, वही माझ्याकडे द्या.

तुमच्या पत्रावर दोन दिवस रागावले होते. तुमच्यावर नाही, त्याच्यावर. सात वर्षं मागे बसून मी त्याच्या भाबडेपणाला हसत होते, आणि हा शेडमध्ये कानस चालवत होता. तिसऱ्या दिवशी रडले. मग मेबेलकडे जाऊन काट्यावर उभी राहिले. १४६ भरले. सायमनचे दीडशे बरोबरच होते, चार पौंड ऑक्टोबरनंतर उतरले.

काल उतरल्यावर झाकण उघडलं आणि सात ओळींखाली आठवी लिहिली. तारीख, उंची, आणि त्याने जिथे 'मी १८०' लिहिलंय त्याच्या बरोबर खाली, 'मी १४६'. पुढची जागा कोरी ठेवली.

चार पौंडांसाठी क्लच उघडू नका, मी भरून काढीन. ईस्टरला या, बोर्श्ट तसंही दोघांपुरतंच होतं.

तुमची,
लूशावहिनी