विस्तव न लागलेलं जेवण

३ सप्टेंबर, बुधवार

तांदूळ सात पाण्यानं धुवायचा, शिजवायचा, आणि चांगला वाफाळता भात झाला की त्याच्यावर सिरका अन् साखर ओतून पंख्याखाली थंड करायचा. याले कोणी अक्कल म्हणत असेल तर म्हणो. मी तुमसरले वीस वर्षं लग्नाच्या पंगतींचा भात रांधला. तिथं असा भात वाढला असता तर लोकांनी झाऱ्यानं मारलं असतं मले. इथं रायपुरात तेलीबांधा तलावावर फिराले आलेले लोक आमच्या हॉटेलात जोडे काढून बसतात, आधी फोटो काढतात, मग तोच थंड भात खातात. भाताचा गोळा अन् त्याच्यावर कच्च्या माशाचा काप. सुशी म्हणतात. मासा शिजवत काहून नाही, विचारलं तर मालक हसला.

मालक म्हणजे शिशिर. आपल्याकडचाच पोरगा, चौबे कॉलोनीतला, बाप रेल्वेतून रिटायर झालेला. पाच वर्षं जपानात राहून हे शिकून आला. मले काकू म्हणतो. स्वभावानं गरीब आहे, पण भाताच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही.

तशी मी खूश आहे, खोटं काहून लिहू. रायपुरात येऊन चार दिवस झाले. समता कॉलोनीत अनूची खोली आहे, नळ घरातच, संध्याकाळी तलावावर दिवे. अनुश्री माझी एकुलती पोट्टी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले आहे. दोन वर्षांत निव्वळ हिंदी बोलाले लागली. मी कामावरून आली की सिरक्याचं गाऱ्हाणं सुरू करते, तर तिनं ही वही दिली अन् म्हणाली, इसमें लिख मम्मी, मेरा कान छोड़. चौथी शिकलेल्या बाईले वही. बरं, लिहिते.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. कोणाजवळ तरी हे बोललं पाहिजे, म्हणून इथं लिहून टाकते.

येताना डोंगरगड मागं पडलं तेव्हा मी पिशवीतून काळी पोत काढली अन् गळ्यात घातली. अनूच्या बापाले जाऊन सहा वर्षं झाली. इथंच रायपूरजवळ उरल्याले एका कारखान्यात होता, लोखंड वितळवतात तिथं, भट्टीतच गेला. जे हाती आलं ते पत्र्याच्या डब्यात आलं. मी झाकण उघडू दिलं नाही. तेव्हापासून तुमसरात लग्नाचा भात माझ्याच हातचा पाहिजे, पण हळदीच्या दिवशी मी मांडवाबाहेर. ती कटकट इथं नको होती. कामावरच्या बायांनी विचारलं, मिस्टर क्या करते हैं. मी म्हटलं उरल्यात आहेत, शिफ्ट असते. अर्धं तर खरंच होतं.

त्याचं श्राद्ध मी एकदाही घातलं नाही. दिराशी बोलणं नाही अन् रागही होता माझ्या मनात. शेवटची काही वर्षं वर्षातून एकदाच घरी यायचा अन् आला की एकच धोशा, पोट्टीले माझ्याजवळ दे, मी उरल्याले नेतो. मी दिली नाही. शेवटच्या वेळीही तेच भांडण करून गेला. अनूले मी चुलीपाशीही जाऊ दिलं नाही कधी, त्याच्या भट्टीच्या धुळीत कशी देणार होती?

१५ सप्टेंबर, सोमवार

आज अविधवा नवमी. शिशिरची आई पूर्णिमाबाई मागच्या वर्षी गेली. नवरा असताना गेली, म्हणून आज तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची होती. परवा त्यानं मले विचारलं. नाही म्हणाले पाहिजे होतं. पण नाही म्हटलं तर कारण सांगावं लागतं.

दुपारी तीन ते पाच हॉटेल बंद असते, तेव्हा जेवण झालं. खिडकीजवळ पाट अन् केळीचं पान. आईले शेवटी शेवटी याच्या हातची सुशीच गोड लागायची, म्हणून पुरणाच्या जागी पानावर बारा गोळे. त्या पोरानं माझे पाय धुतले, कुंकू लावलं, ओटीत हिरवी साडी घातली. म्हणाला, आई जेवून गेल्यासारखं वाटलं काकू. डोळ्यात पाणी होतं त्याच्या. मले तो भात गिळवेना. मासा मात्र वाईट नव्हता.

मग त्यानं विचारलं, काका कधी येतील, त्यांनाही एकदा जेवू घालतो. तोंडात घास होता. मी म्हटलं येतील, मी बोलावते त्यांना, याच पंधरवड्यात येतील.

पंधरवडा कोणता चालू आहे ते बोलून झाल्यावर ध्यानात आलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मी भाजी निवडाले मागं बसली होती. पाच वाजता शिशिर हसत आला अन् म्हणाला, काका येऊन गेले.

मी म्हटलं कोणते काका.

तुमचे मिस्टर, म्हणे. हॉटेल बंद असताना आले, म्हणाले बाईनं बोलावलं म्हणून आलो. तोंडाले गमछा गुंडाळलेला, धूळ लागत असेल, हातात कामाचे मोजे. चहा विचारला तर गरम नको म्हणाले. टेबलावरची मेणबत्तीही विझवाले लावली. बोलणं कमी, पण माणूस सभ्य आहे म्हणे.

कोणीतरी थट्टा करून राहिलं, हेच मी धरून चालली. मग धुवाले ताट आलं. वीस गोळे होते. माशाचे काप सगळे खाल्लेले. भाताले हात लावलेला नाही, एका ओळीत मांडून ठेवलेला. मी स्मशानात पिंड पाहिले आहेत. ते असेच मांडतात.

शिशिर म्हणे डाएट असेल.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहिली. तीन वीसले तो आला. पाठ दिसली. डावा खांदा खाली टाकून बसतो, घास घ्यायच्या आधी मान हलवतो. त्या पाठीमागं मी चौदा वर्षं झोपली आहे.

शिजलेलं काही घेत नाही. मासा, काकडी, जे विस्तव लागलेलं नाही तेवढंच. भात शिजलेला असते म्हणून ठेवून देते तो. मले तिथं उभ्या-उभ्या समजलं. जो विस्तवात गेला त्याले विस्तवाचं नको.

मी गॅस पेटवला. तो उठला, खुर्ची नीट सरकवली अन् मागं न पाहता गेला. त्याच्या जागेवर हात ठेवला तर बर्फ. ताटाले वास होता — भट्टीचा, जुना, थंड झालेला.

बुकिंगच्या वहीत शिशिरनं लिहिलेलं दिसलं. रविवार दुपारी साडेतीन. माणसं तीन. नाव त्याचं.

तीन कोण?

रविवारी सर्वपित्री अमावस्या आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार, सकाळ

अनूनं उठल्याबरोबर सांगितलं, मम्मी, बाबा का फोन आया था. असं सांगितलं की जसा रोज येते. तिच्यापुढं मी बाप गेल्याचं रडली आहे. डब्याले तिनंच हार घातला होता. मी तिले हे सगळं सांगितलं तर म्हणाली, पता है, पर बुला रहे हैं ना.

तुमसरले चल म्हटलं. सोमवारी जाऊ म्हणते. रविवारी जेवाले जायचं आहे.

तीच तारीख, संध्याकाळ

शिशिरले सगळं सांगितलं. मी विधवा आहे, पोत खोटी आहे, येते तो मेलेला आहे. ते टेबल काढून टाक म्हणून पाय धरले.

त्याले मेलेल्या माणसाचं काही वाटलं नाही. तो दुसऱ्याच गोष्टीनं पांढरा पडला. म्हणाला, "मग माझ्या आईचं जेवण गेलं कुठे, काकू?"

पानावर तिचा घास होता, मी त्याले बोलावलं, तिच्या वाटेनं तो आला. ती उपाशी गेली असेल.

टेबल काढणार नाही म्हणाला. बोलावलेल्या माणसाले मी परत पाठवत नाही, तुम्ही बोलावलं तुम्हीच परत पाठवा. उद्यापासून कामावर येऊ नका.

रात्री आल्याबरोबर देवापाशी दिवा लावला. अनूनं फुंकून टाकला. डोळ्याले लागते म्हणे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळ

खीर केली, वडे केले, त्याच्या नावानं पान काढलं, गच्चीवर ठेवलं. दोन तास. कावळे भिंतीवर बसून पाहत राहिले. एकानंही चोच लावली नाही.

खाली आली तर अनू —

ताटात गरम भात, वरण. तिनं काहीच घेतलं नाही. काकडीच्या चकत्या तेवढ्या उचलून खाल्ल्या. भाताचा गोळा करून ताटाच्या काठाले ठेवला. एक. मग दुसरा.

चहा नको म्हणाली. गरम नको.

हात धरला तिचा. गार.

दुपार

त्याले ती काहून पाहिजे ते समजलं. माझे हात कोपरापर्यंत भाजलेले, वीस वर्षांच्या चुलींचे डाग. माझ्यावर विस्तव लागलेला आहे. पोट्टी कोरी आहे. मीच ठेवली. मीच तिले चुलीपासून —

काडी पेटवून तिच्या बोटाले लावावी का. एवढासा डाग. हात पुढं केला. तिनं पाहिलं माझ्याकडं, रडली नाही, पण — नाही झालं माझ्यानं. मी आई आहे.

तीन वाजले

नाव घेऊन लिहून राहिली. हरिदास. ही वही तुझ्यासाठी दारापाशी ठेवते, पेन उघडा ठेवते. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

सहा वर्षं मी तुले एक घास दिला नाही, ते माझ्या माथी. पोट्टी दिली नाही, तेही माझ्याच. तिच्या माथी काही नाही. मी रविवारी येते, एकटी, त्या टेबलावर बसते, तू म्हणशील तिथं चालते. हात कापडात गुंडाळून येते. अंगावर भाजलेलं नाही. पाठ कोरी आहे, पोट कोरं आहे. चालते का ते सांग.

उद्या शनिवार. उद्या दिवे लागायच्या आत मले उत्तर पाहिजे. हो का नाही. इथं लिही, याच पानावर, पोट्टीच्या फोनवर नको, तिले काही —

तीन वीस झाले. अनूनं हिरवी साडी नेसली आहे, ओटीतली. कुठं म्हटलं तर दाराकडं चालली. दाराची कडी उघडी — मी लावली होती — हरिदास शनिवार म्हटलं मी, अजून शनिवार नाही, शनिव